अंधाराचा जमाखर्च

सेलममध्ये पोलिसांच्या गाड्यांवर झाडूवर बसून उडणारी चेटकीण रंगवलेली आहे. गावातल्या सरकारी शाळेच्या खेळाडूंचा संघही 'विचेस' या नावाने मैदानात उतरतो. ऑक्टोबर लागला की रस्त्यांवर टोकदार काळ्या टोप्यांची रीघ लागते आणि जुन्या टीव्ही मालिकेतल्या एका चेटकिणीच्या पुतळ्याशेजारी फोटोसाठी रांग लागते. "मावशी, सेलम म्हणजे चेटकिणींचं महाबळेश्वर आहे, फार अपेक्षा ठेवू नकोस," असं बॉस्टनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीने आधीच बजावलं होतं. मक्याच्या कणसांच्या जागी भोपळ्याचे डोनट, एवढाच काय तो फरक.

मी मात्र आले होते पुस्तकांच्या मागावर. मतकरी आणि धारप यांच्या भयकथा वाचत मोठं झालेल्या माणसाला पो आणि हॉथॉर्न हे अमेरिकी लेखक कधी ना कधी भेटतातच. त्यांच्याविषयी एक कोडं मला बरीच वर्षं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी आणि इंग्लंडमध्ये रोमँटिसिझमची लाट उठली. बुद्धीपेक्षा भावना, नियमांपेक्षा कल्पना आणि शहरापेक्षा रान मोठं, असं ती मानायची. तिच्या काळोख्या शाखेला पडके किल्ले, मठ, तळघरं आणि कुजलेली सरदारघराणी लागत. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलच्या कादंबरीपासून ही सामग्री जवळजवळ ठरून गेली होती. अमेरिकेत यातलं काहीच नव्हतं. ना किल्ले, ना सरदार, आणि देश तर नुकताच जन्मलेला. मग तिथल्या लेखकांनी एवढा अंधार आणला कुठून?

सेलममध्ये या प्रश्नाचं अर्धं उत्तर एका भिंतीपाशी मिळतं. १६९२ मध्ये इथे दीडशेहून अधिक लोकांवर चेटूक केल्याचा आरोप झाला. एकोणीस जणांना फाशी दिली. जाइल्स कोरी नावाच्या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने न्यायालयापुढे आपलं म्हणणं मांडायलाच नकार दिला, तेव्हा त्याला दगडांखाली दाबून मारलं. १९९२ मध्ये उभारलेल्या स्मारकात या वीस जणांसाठी भिंतीतून पुढे आलेले वीस दगडी बाक आहेत. प्रत्येकावर नाव, तारीख आणि मृत्यूचा प्रकार कोरलेला आहे. भिंतीच्या पलीकडे गावाचं जुनं कब्रस्तान, आणि त्यात न्यायाधीश जॉन हॅथॉर्न याची कबर. मारणारा आणि मेलेले यांच्यात हातभर रुंदीची भिंत. त्याच खटल्यातला दुसरा न्यायाधीश सॅम्युएल सूअल याने १६९७ मध्ये बॉस्टनच्या चर्चमध्ये उभं राहून जाहीर माफी मागितली. हॅथॉर्नने कधीच मागितली नाही. फाशीची नेमकी जागा तर २०१६ पर्यंत नक्की झालेली नव्हती. ती निघाली एका औषधाच्या दुकानामागच्या खडकाळ उतारावर. तिथे मी गेले तेव्हा मी आणि भाची सोडून कोणी नव्हतं. जत्रा सगळी गावात होती.

या न्यायाधीशाचा खापरपणतू म्हणजे नॅथॅनिएल हॉथॉर्न. जन्म सेलममध्येच, १८०४ साली. तरुणपणी त्याने आडनावात एक अक्षर घातलं, म्हणून पूर्वज हॅथॉर्न आणि वंशज हॉथॉर्न. पूर्वजाशी नातं तोडायला हे केलं असं गावातला प्रत्येक वाटाड्या सांगतो. मला हे फार सोयीचं वाटतं, कारण पुढे आयुष्यभर त्याने त्याच पूर्वजाविषयी लिहिलं. लपवायचं असतं तर माणूस प्रस्तावनेत कबुली देत नाही.

किनाऱ्यावर १८१९ साली बांधलेली जकात कचेरी आहे. लाल विटांची इमारत, माथ्यावर सोनेरी गरुड आणि समोर समुद्रात जवळजवळ अर्धा मैल घुसलेला डर्बी धक्का. हॉथॉर्न १८४६ पासून इथे वर्षाला बाराशे डॉलरवर नोकरीला होता. १८४९ मध्ये विरोधी पक्षाचा अध्यक्ष आला, नोकरी गेली, त्याच उन्हाळ्यात आई वारली. पुढच्या मार्चमध्ये 'द स्कार्लेट लेटर' बाजारात आलं आणि दहा दिवसांत अडीच हजार प्रती खपल्या. या कचेरीच्या माळ्यावर आपल्याला लाल अक्षर भरतकाम केलेलं जुनं कापड सापडलं, अशी बतावणी त्याने पुस्तकाच्या सुरुवातीला केली आहे. मी तिथे असताना एका बाईंनी विचारलंच, "ते कापड कुठे ठेवलंय?" ते कधी नव्हतंच, हे कर्मचाऱ्याने ज्या शांतपणे सांगितलं त्यावरून हा प्रश्न त्याला रोजचा असावा.

मला त्या कापडापेक्षा इमारत जास्त बोलकी वाटली. सेलम एकेकाळी अमेरिकेतल्या श्रीमंत बंदरांपैकी एक होतं. सुमात्राची मिरी, चीनचा चहा, कलकत्त्याचं कापड इथे उतरायचं. हॉथॉर्नचे वडील जहाजावर होते. १७९६ मध्ये अमेरिकेत पहिला हत्ती आला तो बंगालमधून 'अमेरिका' नावाच्या सेलमच्या जहाजावरून, आणि त्या सफरीची नोंदवही वडील हॅथॉर्न लिहीत होते. हत्तीसाठी वाटेत चढवलेल्या हिरव्या चाऱ्याचीही त्यात नोंद आहे. हेच वडील १८०८ मध्ये सुरिनाममध्ये पिवळ्या तापाने गेले, मुलगा चार वर्षांचा होण्याआधीच. गावातल्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाच्या संग्रहात मुंबईचे पारशी व्यापारी नसरवानजी माणकजी यांचं व्यक्तिचित्र आहे. अमेरिकी जहाजांची मुंबईतली कामं ते पाहत. हॉथॉर्न खुर्चीवर बसला तोवर हे वैभव ओसरलं होतं आणि मोठी जहाजं बॉस्टन-न्यूयॉर्कला वळली होती. पूर्वजाचं पाप, बुडालेला धंदा आणि रिकाम्या बंदरात पगार घेणारा अधिकारी. किल्ला नव्हता, पण पडझड होती. पुढे एका प्रस्तावनेत याच माणसाने तक्रार केली की अमेरिकेत सावल्या नाहीत, जुनेपणा नाही. सेलममध्ये जन्मलेल्याने हे लिहावं, म्हणजे कमालच.

सात त्रिकोणी छपरांच्या घराची गोष्ट त्याहून गमतीची. १६६८ साली जॉन टर्नर या व्यापाऱ्याने ते बांधायला घेतलं. हॉथॉर्न आपल्या नात्यातल्या एका बहिणीकडे तिथे जायचा तेव्हा त्या घराला तीनच छपरं उरली होती. या घरावरची त्याची कादंबरी १८५१ मध्ये गाजली. १९०८ साली कॅरोलाइन एमर्टन या बाईंनी ते घर विकत घेतलं, वास्तुविशारदाकडून हरवलेली छपरं पुन्हा चढवली आणि कादंबरीतल्या बाईंचं किराणा दुकानही तळमजल्यावर थाटलं. हेतू साहित्याचा कमी आणि समाजकार्याचा जास्त. तिकिटाच्या पैशांतून त्यांना आजूबाजूच्या गरीब स्थलांतरितांसाठी वर्ग चालवायचे होते. ती संस्था अजून चालते. शापित घराण्याच्या गोष्टीवर पोलंडहून आलेल्या कामगारांच्या पोरी शिवणकाम शिकल्या, हे हॉथॉर्नला आवडलं असतं असं मला उगाच वाटतं.

सेलमहून काँकर्डला आलं की हवाच बदलते. पांढरी लाकडी घरं, मेपलची लालबुंद झाडं आणि गावाबाहेर नदीकाठी 'ओल्ड मॅन्स' हे पाद्र्याचं जुनं घर. इथेच विचारवंत एमर्सनने 'नेचर' या निबंधाचा मसुदा लिहिला. तो १८३६ मध्ये छापला गेला आणि अमेरिकी रोमँटिसिझमच्या उजळ शाखेचा पाया पडला. निसर्ग पवित्र, माणसाच्या आत ईश्वर, आणि मध्यस्थाची गरज नाही. गीता आणि उपनिषदं वाचणारी ही मंडळी आपल्याला जवळची वाटतात, आणि आपण त्यांना फक्त प्रसन्न समजून मोकळे होतो. एमर्सनची पहिली बायको एलन क्षयाने गेली तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची होती. वर्षभराने, मार्च १८३२ मध्ये, त्याने थडग्यात जाऊन तिची शवपेटी उघडली. रोजनिशीत त्याची एका ओळीची नोंद आहे, पुढे काही नाही. पोच्या कथेत हा प्रसंग असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटलं असतं. एमर्सनचा आशावाद भाबडा आहे असं मी कॉलेजात ठरवून टाकलं होतं. या घरात उभं राहिल्यावर तो ओढून आणलेला, कमावलेला वाटायला लागला.

त्याच घरात १८४२ मध्ये नवविवाहित हॉथॉर्न दांपत्य भाड्याने राहायला आलं. गावातलाच लेखक थोरो याने त्यांच्यासाठी आधीच भाजीचा मळा लावून ठेवला होता. हॉथॉर्नची बायको सोफिया हिने अंगठीतल्या हिऱ्याने खिडकीच्या काचेवर कोरलेली अक्षरं अजून दिसतात, उन्हात तर फारच छान. पण याच खिडकीतून दिसणाऱ्या नदीत जुलै १८४५ मध्ये, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी, मार्था हंट या एकोणीस वर्षांच्या शिक्षिकेने जीव दिला. थोरोकडून विकत घेतलेल्या होडीतून हॉथॉर्न रात्री शोधाला गेला आणि लांब काठ्यांनी तळ ढवळून तिचं ताठरलेलं शव बाहेर काढायला त्याने हात दिला. सात वर्षांनी ते सगळं दृश्य त्याच्या 'ब्लाइथडेल रोमान्स' या कादंबरीत उतरलं. शिकलेली, महत्त्वाकांक्षी, शेतकऱ्याच्या घरची मुलगी आणि भोवती सगळे उच्च विचारांचे लोक. पाणी पाहून एमर्सनला ईश्वर आठवायचा, हॉथॉर्नला तिचे आवळलेले हात. दोघे शेजारी होते, एकमेकांबरोबर लांब फिरायला जायचे आणि एकमेकांचं लिखाण त्यांना फारसं रुचत नव्हतं.

वॉल्डन तळ्यावर गर्दी होती. पोहणारे, कुत्री, शाळेची सहल. थोरोने १८४६ मध्ये दोरी सोडून या तळ्याची खोली मोजली, १०२ फूट. तळ्याला तळच नाही अशी गावात समजूत होती. गूढ हवंसं वाटणाऱ्या काळात एका माणसाने कडाक्याच्या थंडीत बर्फाला भोकं पाडून दोरी सोडावी, याचं मला फार कौतुक वाटतं. त्याच्या झोपडीपासून जवळच रेल्वे जाते, तेव्हाही जायची. हिवाळ्यात मजूर येऊन तळ्यावरचा बर्फ लाद्या कापून नेत. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचा हा धंदा होता. १८३३ मध्ये त्याचं पहिलं जहाज कलकत्त्याला पोचलं, आणि पुढे मुंबई-मद्रासेतही या बर्फासाठी बर्फघरं उभी राहिली. गोऱ्या साहेबांबरोबर मुंबईचे शेटियेही मॅसॅच्युसेट्सचं तळं पेल्यात घालून प्यायले. 'वॉल्डन' हे एकांतवासाचं धर्मपुस्तक लिहिलं जात असताना समोर असा निर्यातव्यापार चालू होता, आणि थोरोने दोन्ही एकाच पुस्तकात घातलं.

तिथून पश्चिमेला, मॅसॅच्युसेट्सच्या टोकाला बर्कशरचे डोंगर. भाचीने गाडी काढली. मॉन्युमेंट माउंटनची चढण तासाभराची, शेवटी पांढऱ्या गारगोटीचे सुळके. ५ ऑगस्ट १८५० रोजी इथे लेखक-प्रकाशकांची एक सहल आली होती. वादळ झालं, सगळे कड्याखाली आडोशाला थांबले, शँपेन फुटली. त्यात शेचाळिशीचा हॉथॉर्न आणि एकतिशीचा हरमन मेलव्हिल पहिल्यांदा भेटले. मेलव्हिल तेव्हा देवमाशाच्या शिकारीवरचं एक सरळसोट साहसी पुस्तक लिहीत होता. हॉथॉर्नच्या कथांतल्या काळेपणाने तो झपाटला, त्यावर लेख लिहिला, जवळच शेत विकत घेतलं, आणि त्याच्या मूळ पुस्तकाचं 'मोबी डिक' झालं. ते हॉथॉर्नलाच अर्पण केलेलं आहे.

त्या दिवशी सहलीत ब्रायंट या कवीची या डोंगरावरची कविता वाचली गेली. कड्यावरून उडी घेणाऱ्या मोहिकन तरुणीची ती कथा. ज्यांची ही भूमी, त्या स्टॉकब्रिज मोहिकन लोकांना त्याआधी दोन-तीन पिढ्या इथून हुसकून लावलं होतं. त्यांचे वंशज आज विस्कॉन्सिनमध्ये आहेत. 'लास्ट ऑफ द मोहिकन्स' ही कादंबरी १८२६ ची आणि आदिवासींना मिसिसिपीपार घालवणारा कायदा १८३० चा. माणसं गेली की त्यांच्यासाठी रडायला जागा होते. रोमँटिक करुणेतली ही खोट तिथे कड्यावर फार बोचते. पायवाटेच्या सुरुवातीला आता मोहिकनांच्या नावाची पाटी आहे.

मेलव्हिलचं 'ॲरोहेड' हे घर पिट्सफील्डमध्ये. वरच्या खोलीत त्याचं टेबल, खिडकीतून ग्रेलॉक पर्वताची पाठ दिसते. बर्फ पडल्यावर ती पांढऱ्या देवमाशासारखी दिसते, असं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तो पर्वत तांबूस-पिवळा होता. शेतासाठी मेलव्हिलने सासऱ्यांकडून कर्ज घेतलं होतं. सासरे लेम्युएल शॉ, राज्याचे मुख्य न्यायाधीश. 'मोबी डिक'च्याच वर्षी, १८५१ मध्ये, त्यांच्या न्यायालयाने टॉमस सिम्स या पळून आलेल्या गुलामाला सोडायला नकार दिला आणि त्याला जहाजात घालून जॉर्जियाला परत पाठवलं गेलं. ही माहिती वाचून मी पुन्हा खिडकीशी गेले. त्या कादंबरीत एका वेड्या कप्तानाच्या हुकमाखाली सगळ्या वर्णांची माणसं एका जहाजावर मरायला निघालेली आहेत, हे नुसतं तत्त्वज्ञान वाटेना. पुस्तक पडलं. मेलव्हिलने पुढे न्यूयॉर्कच्या जकात खात्यात रोज चार डॉलरवर १९ वर्षं निरीक्षकाची नोकरी केली.

हडसन नदीच्या काठी 'स्लीपी हॉलो'ला आम्ही फक्त दुपार घालवली. वॉशिंग्टन अर्व्हिंगची बिनडोक्याच्या घोडेस्वाराची कथा १८२० ची. ती त्याने लिहिली इंग्लंडमध्ये, घरच्या व्यापाराचं दिवाळं निघाल्यावर. वॉल्टर स्कॉटने त्याला जर्मन कथांची गोडी लावली होती, आणि त्या कथांचं सामान त्याने हडसनच्या डच गावांत आणून ठेवलं. गंमत नंतरची आहे. या गावाचं नाव नॉर्थ टॅरीटाउन होतं. १९९६ मध्ये इथला मोटारींचा मोठा कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी गावाने मतदान करून कथेतलं नाव घेतलं. आता पोट भुतावर चालतं.

फिलाडेल्फियात कोड्याचं उरलेलं उत्तर आहे. इथल्या चार्ल्स ब्रॉकडन ब्राउनने १७९९ मध्येच एका प्रस्तावनेत सांगून टाकलं होतं की किल्ले आणि भुतं ही पोरकट सामग्री सोडा, अमेरिकी लेखकाने इथलं रान आणि सरहद्दीवरच्या चकमकी घ्याव्यात. आधीच्या वर्षीची त्याची 'वीलँड' एका खऱ्या घटनेवर बेतलेली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतकऱ्याने दैवी आवाज ऐकून बायकामुलांना मारलं होतं. भूत घरात नाही, डोक्यात आहे. पोने पुढे या वाटेचा हमरस्ता केला.

पो १८३८ ते १८४४ फिलाडेल्फियात होता. नॉर्थ सेव्हन्थ स्ट्रीटवरचं त्याचं घर राष्ट्रीय स्मारक आहे, आणि मुद्दाम रिकामं ठेवलेलं आहे. सोललेल्या भिंती, एकही खुर्ची नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडला. तळघरात गेल्यावर त्याच्या 'ब्लॅक कॅट' या कथेतली भिंत आठवतेच. पण मला जास्त जाणवला तो लहान खोल्यांचा कोंडमारा. जानेवारी १८४२ मध्ये गाताना त्याची बायको व्हर्जिनियाच्या घशातून रक्त आलं. आई त्याची क्षयाने तो तीन वर्षांचा होण्याआधीच गेलेली. सुंदर स्त्रीच्या मृत्यूइतका काव्यमय विषय नाही, हा त्याचा सिद्धांत वाचताना आता मला चीड येत नाही, पूर्वी यायची.

आणि पैसा. अमेरिकेत परदेशी लेखकांना हक्क देणारा कायदा १८९१ पर्यंत नव्हता. स्कॉट आणि डिकन्स फुकट छापता येत असताना पोला पैसे कोण देणार? मासिकांना हवं होतं एका बैठकीत वाचून होणारं, अंगावर काटा आणणारं. वर्षाला आठशे डॉलरवर एका मासिकाची संपादकी करताना त्याने त्याच मासिकात, १८४१ मध्ये, जगातली पहिली मानली जाणारी डिटेक्टिव्ह कथा छापली. ठरावीक लांबी आणि एकच घट्ट परिणाम, हे त्याचं कथाशास्त्र बाजाराने त्याच्या गळ्यात बांधलं आणि त्याने त्याचं तत्त्व बनवलं. त्यालाही फिलाडेल्फियाच्या जकात कचेरीत नोकरी हवी होती. ओळखी लावल्या, वाट पाहिली, मिळाली नाही.

बाल्टिमोर पोला चिकटून आहे. फुटबॉलच्या संघाचं नाव त्याच्या 'रेव्हन' या कवितेतल्या कावळ्यावरून. ३ ऑक्टोबर १८४९ ला, निवडणुकीच्या दिवशी, तो इथल्या एका मतदान केंद्राच्या गुत्त्याजवळ भ्रमिष्ट सापडला आणि चार दिवसांनी इस्पितळात मेला. अंत्यविधीला मोजकी माणसं. १८७५ मध्ये शिक्षक आणि शाळकरी मुलांनी जमवलेल्या पैशांची भर पडून संगमरवरी स्मारक झालं. त्यावर जन्मतारीख एका दिवसाने चुकलेली आहे. पायथ्याशी लोक नाणी ठेवतात.

ॲमिटी स्ट्रीटवरचं त्याचं अरुंद घर पाहून परतताना मला एक कागद डोक्यातून जाईना. डिसेंबर १८२९ मध्ये पोने आपली आत्या मारिया क्लेम हिच्या वतीने एडविन नावाचा २१ वर्षांचा गुलाम चाळीस डॉलरला, नऊ वर्षांच्या मुदतीने विकला. खरेदीखत शिल्लक आहे. या लेखकांच्या अंधारामागे काळ्या माणसांची न उच्चारलेली उपस्थिती आहे, असं लेखिका टोनी मॉरिसनने १९९२ मध्ये मांडलं तेव्हा अनेकांना ते ताणलेलं वाटलं होतं. सेलमचा मासा वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर गुलामांना खायला जात होता, शॉ यांचा निकाल आहे, हा कागद आहे. मला ते ताणलेलं वाटत नाही.

म्हणून शेवटी आम्ही फेल्स पॉइंटला, जुन्या गोदीकडे गेलो. पो या शहरात कथा लिहायला शिकत होता त्याच सुमारास इथे फ्रेडरिक डग्लस हा गुलाम पोरगा फुटपाथवरच्या गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकला. 'रेव्हन' छापून आला जानेवारी १८४५ मध्ये, डग्लसचं आत्मचरित्र त्याच वर्षी मे महिन्यात. त्यात पहिल्याच प्रकरणात स्वयंपाकघरातल्या आकड्याला बांधून फटके खाणारी मावशी आहे, आणि ते कपाटात लपून पाहणारं मूल. किल्ला नको, तळघर नको, भूत नको. चार महिन्यांत पाच हजार प्रती खपल्या. १८९२ मध्ये, नामांकित म्हातारा होऊन, डग्लसने याच भागात जागा घेतली आणि भाड्याने देण्यासाठी विटांची पाच घरं बांधली. डॅलस स्ट्रीटवर ती अजून उभी आहेत. एकाच्या दाराबाहेर लहान मुलाची सायकल होती आणि माझी भाची म्हणत होती की इथली भाडी आता तिलासुद्धा परवडणार नाहीत.